तुटलेला धागा

संहिता नाही, होटकर बाई म्हणाल्या,
उद्या येताना घरातला एक आवाज घेऊन या.
नववी ब. मागच्या बाकावर खसखस.
डब्यात आणायचा का बाई, का पिशवीत?
तोंडात आणा, म्हणाल्या
आणि फळा पुसला,
ज्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

इरण्णा हत्तुरेनं आज्जीची कानडी शिवी आणली, अर्धी.
उरलेली अर्धी बाईंनी ऐकून घेतली नाही.
तौफिक बागवाननं पहाटेचा लिलाव आणला,
केळीचा भाव चढत चढत जातो
आणि एकदम खाली बसतो तो.
ललिता यमुलनं आईची कात्री,
तेंदूच्या पानावरून चर्र चर्र,
मग ओकटी, रेंडु, मूडु,
दर शंभराला एक उसासा, तोही हिशोबात धरलेला.
मी काही आणलं नाही.
माग माझ्या मागे मागे आला.
पूर्व भागात राहणाऱ्याला तो सोडतोय कुठं?

चित्रकलेच्या खोलीत, पत्र्याखाली,
आम्ही बाराजण मिळून पॉवरलूम झालो.
सहा हात वर, सहा हात खाली,
खट्ट धाड, खट्ट धाड, घसा बसेपर्यंत.
तौफिक धोटा. या भिंतीपासून त्या भिंतीला, अनवाणी.
काय पळायलास बे, इरण्णा ओरडायचा,
ताणा ताणायच्या आधीच बाणा!
माझ्या वाट्याला तुटलेला धागा आला.
संवाद नाही. मध्येच पडायचं.
मी पडले की माग थांबायचा.

मग पुढं काय?
आठ दिवस तिथंच अडलो.
इरण्णा म्हणाला, मंत्री येऊन जोडतात.
ललिता म्हणाली, सगळ्यांनी रडू या.
तौफिक म्हणाला, लाईट घालवू,
सोलापुरात ते कुणालाही पटेल.
आम्ही बाईंकडं बघितलं.
माहीत नाही, बाई म्हणाल्या.
आम्ही घाबरलोच.
नऊ वर्षांत शाळेत हे वाक्य
आमच्याशिवाय कुणी म्हटलं नव्हतं.

स्पर्धेच्या अर्जावर, लेखक: नववी ब.
क्लार्कनं अर्ज परत पाठवला, एकच नाव लिहा.
बाईंनी तोच पुन्हा पाठवला, अक्षर जरा मोठं काढून.

नान्ना तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून.
सव्वीस वर्षं मागानं त्यांचे कान खाल्लेले,
ओरडून बोललेलंच काय ते पोचतं.
आमची खट्ट धाड त्यांना ऐकू आली नसणार.
त्यांनी फक्त बघितलं,
हात वर जाताना, हात खाली येताना,
पोरगं पळताना.
मी पडले.
माग थांबला.
ठरलं होतं की दहा मोजायचे
आणि मग दिवे घालवायचे.
चारला तिसऱ्या रांगेत खुर्ची करकरली.

नान्ना उभे.
अंगठा आणि बोट जिभेला लावलं,
आणि हवेत, माझ्या बाजूला,
ती बारीकशी पीळ दिली
जी दिवसातून शंभरदा देतात, न बघता.
मागून कुणीतरी म्हणालं, खाली बसा की हो.
ते बसले नाहीत. मी उठेपर्यंत.

मी उठले.
तौफिक पळाला, पण एक ठोका चुकून,
त्यामुळं पुढचं सगळं कापड
थोडं तिरकंच निघालं.

निकालपत्रक बाईंनी वर्गात वाचून दाखवलं.
संहिता, वीसपैकी शून्य.
शेरा: प्रेक्षकाचा हस्तक्षेप, दोन गुण वजा.
इरण्णानं बाक वाजवला.

पण ते नंतरचं.
त्या रात्री मी सायकलच्या कॅरिअरवर,
तोंडावर अजून पावडर.
नान्ना काही बोलले नाहीत
पार अशोक चौक येईपर्यंत.
मग सगळ्या चौकाला ऐकू जाईल असे,
त्यांच्या नेहमीच्या आवाजात:
मुडी कच्ची पडली.
तू लवकर उठलीस.
धागा असा लगेच उठत नसतो.